हौद्यातली माणसे

दिवाळीच्या फराळाबरोबर मते फुकट मिळतात. चकलीचा तुकडा मोडावा आणि तोंडातला घास संपायच्या आत देशाचा एखादा प्रश्न सोडवून टाकावा, ही आपल्या दिवाणखान्यांची जुनी रीत आहे. २०२५ च्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी आमच्या नांदेडच्या घरी हेच चालले होते. नंदुरबार जिल्ह्यात चांदशैलीच्या घाटात धनत्रयोदशीच्या दिवशी अस्तंब्याच्या यात्रेकरूंची पिकअप उलटली होती आणि त्यात माणसे गेली होती. ती बातमी निघाली तेव्हा आमचे एक सुशिक्षित स्नेही करंजी उचलीत म्हणाले, "काय ही माणसे! मेंढरांसारखी हौद्यात कोंबून घेतात आणि मग सरकारच्या नावाने गळा काढतात. अक्कल म्हणून नाही!"

मी मान डोलावली. खोटे कशाला सांगू? मला ते पटले होते.

आमच्या शेतावर वर्षानुवर्षे कामाला येणारी एक बाई दिवाळीचे फराळाचे घ्यायला आली होती आणि ओसरीवर बसली होती. तिने ते ऐकले. आवाज न चढवता ती मला म्हणाली, "मालक, हौस म्हून बसायलोत का आम्ही ट्रॉलीत? पायी आलं तर नऊ वाजतेत. नऊला आलं तर तुम्ही अर्धी रोजी कापताव. मग बसावंच लागतंय की."

स्नेह्यांनी करंजी खाली ठेवली. मी मात्र काही खाली ठेवू शकलो नाही, कारण ती ट्रॉली माझी होती. रोजी कापणाराही मीच होतो.

तेव्हा वाचकहो, हा लेख कुणा परक्यावर आसूड ओढण्यासाठी लिहिलेला नाही. पहिला फटका लेखकाने स्वतःच्या पाठीवर घेतला आहे. पुढचे ज्याचे त्याने घ्यावेत.

आधी एक कबुली. हौद्यातल्या प्रवासात सुख असते. ते नाकारणारा माणूस एक तर मराठवाड्यात वाढलेला नाही, किंवा खोटे बोलतो आहे. लहानपणी आम्ही मामाच्या गावाहून लोह्याजवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला ट्रकच्या हौद्यात बसून गेलो आहोत. खाली कडब्याच्या पेंढ्या, त्यावर घोंगड्या, डोक्यावर पौषातले निळे आभाळ, फाळक्याला धरून उभे राहिलेले आम्ही चुलतभाऊ, आणि वाऱ्याने ओठांपर्यंत येऊन परत जाणारी गाणी. केबिनमध्ये बसलेल्या वडीलधाऱ्यांची आम्हांला कीव येई. लग्नाचे वऱ्हाडही असेच निघे. आजही लातूरकडून अहमदपूर, लोहा, कंधारच्या वाटेला लागा. लग्नसराईत पोरासोरांनी भरलेला आयशर हलगीच्या तालावर तुमच्या पुढून जाईल, आणि आतल्या बायका तुमच्या मोटारीकडे पाहून हसतील. त्या हसण्यात दुःख शोधणे हा शहरी चावटपणा होय.

परंतु वर्षातून एकदा जत्रेला हौसेने बसणे वेगळे आणि रोज उठून पोटासाठी बसणे वेगळे. कवितेत दोन्हींचा वारा सारखाच लागतो. हिशेबात मात्र तो सारखा नाही. हौसेने बसलेला माणूस गाडी जोरात चालली तर केबिनवर थाप मारून "हळू घे रे" म्हणू शकतो. रोजीने बसलेली बाई थाप मारीत नाही, कारण उद्या तिला त्याच ट्रॉलीत जागा हवी असते.

४ एप्रिल २०२५ चा शुक्रवार आठवा. नांदेड जिल्ह्यातल्या आलेगावच्या शिवारात, सकाळच्या वेळी, शेतकामाला निघालेल्या मजूर बायकांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेली. बायका शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या. सात जणी बुडून मेल्या. तिघांना वर काढता आले. पंप लावून विहीर उपसावी लागली. केंद्राने दोन लाख आणि राज्याने पाच लाख जाहीर केले. पुढाऱ्यांनी दुःख व्यक्त केले. वर्तमानपत्रांनी दोन दिवस छायाचित्रे छापली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा-सातच्या सुमाराला नांदेड-वसमत रस्त्यावर उभे राहून कोणी पाहिले असते तर त्याला काय दिसले असते? ट्रॉल्या. आणि ट्रॉल्यांत बायका.

आता दिवाणखान्यातल्या आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप आमच्या स्नेह्यांचा: अक्कल नाही. जिला अक्कल नाही असे आपण म्हणतो ती बाई पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, पाणी भरते, लेकरांचे आवरते आणि सातच्या आत वेशीवर उभी राहते. तिला ठाऊक असते की कामाचे रान तीन कोस लांब आहे, बांधापर्यंत एस.टी. जात नाही, आणि गावची एस.टी. येते तेव्हा खुरपणीची दुसरी पात लागलेली असते. हा सगळा हिशेब ती बोटावर करते आणि उत्तर येते ते ट्रॉली. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपलेही उत्तर तेच आले असते. अक्कल कमी पडते ती तिला नव्हे. रोजी ठरवताना जो तिच्या येण्या-जाण्याची वेळ आणि खर्च धरीत नाही, त्याच्या अकलेत खोट आहे. तो मीच.

मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये बायकांना निम्मे तिकीट आहे. चांगली गोष्ट झाली. त्या सवलतीने कितीतरी लेकी माहेरी जाऊ लागल्या, कितीतरी म्हाताऱ्या तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्या. पण सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत मिळते. ज्या रस्त्याला गाडीच नाही तेथे निम्म्या तिकिटाने काय घ्यायचे? सरकारने तिकीट अर्धे केले, पण मजुराच्या वेळेला अख्खी गाडी सोडायचे राहून गेले.

आणि बससेवा ही आमच्या भागाला काल-परवा कळलेली गोष्ट नव्हे. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता तेथे १९३२ साली निजामाच्या रेल्वेने सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनंतर. निजामाच्या राजवटीचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी तिच्याविरुद्ध लाठ्या खाल्ल्या आहेत. पण संस्थानी राजवटीत जे सुचले ते स्वराज्यात शेताच्या वाटेपर्यंत पोचू नये, याची लाज वाटायला हरकत नाही.

पैसा नाही, असे यावर उत्तर मिळते. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी आणीत असे. सगळ्या देशाने ती गाडी पाहिली आणि ते योग्यच झाले. निकड पटली की रूळ सापडतात, इंजिन सापडते आणि पैसाही सापडतो, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिले. मग सकाळी सातला वीस मजूर बायकांसाठी एक लहान बस का सापडू नये? ही निकड अजून कोणाला पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप: दोष चालकाचा. असतोही. पोरगे कोवळे असते, कधी परवाना नसतो, कधी कानाला फोन असतो. ज्याची चूक त्याला शिक्षा व्हावी. पण चालक देवमाणूस असला तरी हौदा हा हौदाच राहतो. त्याची घडण पाहा. तो मालासाठी केला आहे. त्यात आसन नाही, पट्टा नाही, धरायला दांडी नाही, वर छत नाही. गाडीला ब्रेक लागला की चाके थांबतात, आतली माणसे थांबत नाहीत. ती एकमेकींवर जाऊन फाळक्यावर आदळतात. माणसे उभी राहिली की गाडीचे वजन वर चढते आणि वळणावर ती कलंडायला टेकते. ज्याला आपण लाडाने 'छोटा हत्ती' म्हणतो तो २००५ साली रस्त्यावर आला तेव्हा पाऊण टन माल वाहण्यासाठी आला होता. पन्नास किलोचे माणूस धरले तर पंधरा माणसांत तो पाऊण टन भरतो. तुम्ही लग्नात शेवटचा पाहिलेला छोटा हत्ती आठवा आणि त्यातली डोकी मनातल्या मनात मोजा.

आणखी एक गोष्ट मला छळते. लातूरच्या अडतीवर सोयाबीन निघाले की पोती थरावर थर रचतात, वर ताडपत्री घालतात, दोर आवळून गाठी मारतात. पोते रस्त्यात पडू नये म्हणून इतकी काळजी. त्याच गाडीत परतीच्या वाटेला बायका बसतात. तेव्हा दोर सोडलेला असतो, ताडपत्री गुंडाळून त्यांच्याच बुडाखाली घातलेली असते. पोते पडले तर त्याचा मालक भरपाई मागतो, हे चालकाला पक्के ठाऊक असते.

कायद्याचेही असेच आहे. मालवाहू गाडीच्या विम्यात कोणाची जोखीम धरलेली असते? ज्याचा रस्त्यावर अपघात होईल त्या तिऱ्हाईताची, गाडीवरच्या नोकराची, आणि १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाबरोबर बसलेल्या मालाच्या मालकाची. केवळ प्रवासी म्हणून हौद्यात बसलेल्या माणसाची विमा कंपनीवर जबाबदारी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात दिला. पुष्कळ प्रकरणांत न्यायाधीश दया करतात, कंपनीने आधी द्यावे आणि मागून गाडीमालकाकडून वसूल करावे असे सांगतात. पण दयेवर संसार चालत नाहीत. म्हणजे, कांद्याच्या गोणीबरोबर गोणीचा मालक बसला असेल तर त्याला विमा आहे, आणि शेजारी देवदर्शनाला निघालेली म्हातारी बसली असेल तर तिला नाही. गोणी नेली असती तर बरे झाले असते, असे तिने मेल्यावर म्हणावे की काय?

ही गोष्ट केवळ मराठवाड्याची नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला. मजूर त्या पपईवर बसले होते. पंधरावर माणसे गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचे तेरा मजूर लोखंडी गजांनी भरलेल्या टिप्परमध्ये बसून जाताना मेले. महामार्ग समृद्धीचा आणि तो बांधणारे गजांवर! मे २०२४ मध्ये छत्तीसगडात तेंदूपाने तोडून परतणारी पिकअप दरीत गेली आणि एकोणीस जण दगावले, बहुतेक बायकाच. ११ ऑगस्ट २०२५ ला, श्रावणातल्या सोमवारी, पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या दहा बायका पिकअपबरोबर दरीत गेल्या. आमच्याकडे मे २०१८ मध्ये मुखेड तालुक्यात जांबजवळ वऱ्हाडाचा टेम्पो टँकरवर आदळला आणि दहाहून अधिक वऱ्हाडी मांडवाऐवजी शवागारात पोचले. नावे वेगळी, घाट वेगळे. हौदा तोच आणि त्यातली माणसेही त्याच थरातली.

तिसरा आक्षेप कडक शिस्तीच्या भोक्त्यांचा आहे. ते म्हणतात, बंदी घाला, दंड करा, गाड्या जप्त करा. वस्तुतः बंदी आहेच. प्रवासी परवाना नसलेल्या गाडीत प्रवासी नेणे हा गुन्हाच आहे. अपघात झाला की दहा दिवस तपासणी होते, चौकात गाड्या अडवतात, दंड फाडतात. दंडाचे पैसे चालक मजुरांकडूनच काढतो, किंवा त्या दहा दिवसांत बायका पायी जातात आणि त्यांची अर्धी रोजी कापली जाते. अकराव्या दिवशी पुन्हा ट्रॉली. दुसरी सोय न करता घातलेली बंदी म्हणजे गरिबावर बसवलेला कर होय. शिवाय बंदी अमलात आणायची कोणी? पुढाऱ्याची सभा असली की याच हौद्यांतून गावेच्या गावे मैदानावर आणून ओतली जातात, आणि बंदोबस्तावरचे शिपाई त्या गाड्यांना वाट करून देतात. सभेला चालणारा हौदा शेताला का चालू नये, असे चालकाने विचारले तर शिपाई काय सांगणार?

आता गोड बोलू, सण आहे. आपल्या ताटातल्या चिरोट्यावरची पिठीसाखर पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास, आपण आकाशकंदील लावीत असतो तेव्हा, कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर या आमच्या कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. ट्रकच्या हौद्यात भांडी, पत्रे, शेळी, कोंबड्या, म्हातारी, तान्हे मूल आणि नवरा-बायकोचा एक 'कोयता', असा सबंध संसार रात्रभर हिंदकळत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. उसाच्या वाहतुकीचा दर टनावर ठरतो, किलोमीटर मोजले जातात, करार होतात. ऊस तोडणाऱ्याच्या वाहतुकीचा दर मात्र कुठल्याच करारात मी पाहिला नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ आहे. हंगामाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोन खेपा बसने झाल्या तर साखरेचा गोडवा उणा होईल, असे मला वाटत नाही.

'तुम्ही करा' म्हणणे सोपे असते, म्हणून नेमके मागणे सांगतो. पहिले, एस.टी.ने प्रत्येक तालुक्यात हंगामाच्या दिवसांत मजुरांच्या वेळेच्या लहान गाड्या सोडाव्यात. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. गावातून मोठ्या रस्त्याला आणि रस्त्यावरून शिवाराच्या तोंडाशी, एवढीच धाव. दुसरे, जेथे बस जाणारच नाही तेथे मजूर नेणाऱ्या गाडीला वेगळा परवाना द्यावा: बसायला बाके, वर छत, बाजूला दांड्या, चढायला पायरी, ठरलेली संख्या आणि डोईमागे विमा. आज ती बेकायदा आहे म्हणून तिला कोणी सुधारीत नाही, आणि सुधारलेली नाही म्हणून ती मारते. तिसरे, रस्त्यालगतच्या आणि वाटेवरच्या विहिरींना कठडे बांधावेत. शेततळ्याला अनुदान मिळते, तसे कठड्यालाही मिळावे. चौथे, अपघातानंतर जाहीर होणारे लाख रुपये अपघाताच्या आधी खर्चावेत. सातांच्या मरणावर जे दिले जातात त्यांत एखादी लहान बस खात्रीने येते.

आणि पाचवे मागणे सरकारकडे नाही, ते तुमच्याकडे आहे. दिवाळी सरली की तुळशीचे लग्न, आणि त्यापाठोपाठ माणसांची लग्ने. नवरदेवाला फुलांनी सजवलेली मोटार ठरेल. व्याह्यांना आरामगाडी ठरेल. मग यादीच्या तळाशी ती ओळ येईल, जी प्रत्येक घरच्या यादीत असते: 'गावाकडच्या माणसांसाठी एक टेम्पो.' गावाकडची माणसे म्हणजे कोण? शेतावरची सालदार मंडळी, वाड्यातली भांडी घासणारी बाई, लांबची गरीब चुलती, बँडवाले. ती ओळ लिहिताना आपला हात क्षणभरही थबकत नाही. माझा थबकला नव्हता. आमच्या घरच्या लग्नात मी ती ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. टेम्पो सुखरूप आला, म्हणून आज हा लेख लिहितो आहे. तो आला नसता तर मीही चालकाला दोष देऊन, फुले वाहून, पुढच्या कामाला लागलो असतो. मांडवावर एक झालर कमी लावा, जेवणात एक पक्वान्न कमी करा, पण ती ओळ खोडून तेथे 'बस' असे लिहा.

माझ्या शेताचे सांगून थांबतो. पाडव्याच्या त्या सकाळनंतर मी दोन गोष्टी केल्या. कामाची वेळ अर्धा तास पुढे सरकवली आणि रोजी पूर्ण ठेवली. ट्रॉलीऐवजी प्रवासी परवान्याची एक काळीपिवळी ठरवली आणि मोजून माणसे बसवायची अट घातली, म्हणजे तिला दोन खेपा कराव्या लागतात. खर्च वाढला, नाही असे नाही. हळद विकून झाल्यावर वहीत मांडून पाहिला, तेव्हा ट्रॅक्टरच्या एका मोठ्या दुरुस्तीइतकाही भरला नाही. शेजारचे शेतकरी हसतात, "मालक, मजुरांना मोटारी!" म्हणतात. हसोत. माझ्या परीने मी फार काही केले असे मी मानीत नाही. वर्षानुवर्षे जे माझ्याकडून फुकट घेतले गेले, त्याचा हा थोडा परतावा आहे.

पहिल्या दिवशी ती बाई गाडीतून उतरली, तेव्हा मी बांधावर उभा होतो. ती काही उपकाराचे बोलेल अशी माझी खुळी अपेक्षा होती. तिने पदर खोचला, खुरपे घेतले आणि म्हणाली, "बरं झालं मालक. आता सूनबाईलाबी आणते. पोटुशी हाय म्हून आजवर ट्रॉलीत बसू देत नव्हते."

म्हणजे जोखीम तिला सगळी ठाऊक होती. अक्कल नाही असे आम्ही जिला म्हणालो, तिने सुनेला त्या ट्रॉलीत कधी बसू दिले नव्हते. बसत होती ती एकटी, कारण घरातल्या कोणाला तरी बसावेच लागत होते.